एडीएचडीचे निदान व सेवा आणि डिजिटल तंत्रज्ञान : जाम (जि. वर्धा) परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :

वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातील जाम हे गाव नागपूर-हैदराबाद राष्ट्रीय महामार्गावर वसलेले असून येथूनच वरोरा-चंद्रपूरकडे जाणारा रस्ता फुटतो. जाम चौरस्त्यावरील वाहतूक रात्रंदिवस चालू असते. जिल्ह्यात सेवाग्राम येथे १९६९ मध्ये स्थापन झालेली महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आणि सावंगी (मेघे) येथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय अशी दोन वैद्यकीय महाविद्यालये आहेत. म्हणजेच रस्ता, दूरध्वनीचे जाळे आणि वैद्यकीय ज्ञान या तिन्ही गोष्टींच्या दृष्टीने हा परिसर दुर्गम म्हणता येत नाही. तरीही अशा परिसरातील तिसरी-चौथीच्या वर्गात एका जागी न बसणारे, पाटीवरचे गणित अर्धवट सोडणारे, मध्येच बोलणारे मूल 'वांड' या एका शब्दात निकालात निघण्याची शक्यता अधिक असते. त्याच वर्गात खिडकीबाहेर पाहत शांत बसणारी मुलगी तर कोणाच्याच लक्षात येत नाही.

अवधान-न्यूनता व अतिक्रियाशीलता विकृती (यापुढे एडीएचडी) हिच्या निदानात आणि उपचारात डिजिटल तंत्रज्ञानामुळे मोठे परिवर्तन घडून येईल, असे प्रतिपादन गेल्या दशकात सातत्याने केले जात आहे. संगणकीय अवधान-चाचण्या, उपचारात्मक खेळ, मोबाइलवरील प्रश्नावल्या, दूरवैद्यक ही त्याची प्रमुख अंगे होत. प्रस्तुत लेखात या प्रतिपादनाची चिकित्सा जामसारख्या ग्रामीण-महामार्गी परिसराच्या संदर्भात केली आहे. ही साधने सेवेच्या साखळीतील नेमका कोणता दुवा बळकट करतात आणि या परिसरात साखळी तुटते ती त्याच दुव्यावर काय, हा या चिकित्सेचा मुख्य प्रश्न आहे.

एडीएचडी : निदानाचे स्वरूप

इंग्लंडमधील बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०२ मध्ये लंडन येथे दिलेल्या व्याख्यानांत अशा मुलांचे वर्णन केले होते. १९३७ मध्ये अमेरिकेतील चार्ल्स ब्रॅडली यांनी उत्तेजक औषधाचा मुलांच्या वर्तनावर होणारा परिणाम नोंदविला. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेच्या निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीने (२०१३) अवधान-न्यूनतेची ९ आणि अतिक्रियाशीलता-आवेगाची ९ लक्षणे दिली आहेत. मुलांच्या बाबतीत यांपैकी एका गटातील किमान ६ लक्षणे ६ महिने टिकून असावीत, काही लक्षणे वयाच्या १२ वर्षांपूर्वी दिसलेली असावीत, ती घर आणि शाळा यांसारख्या किमान दोन ठिकाणी आढळावीत आणि त्यांमुळे जीवनव्यवहारात स्पष्ट बाधा येत असावी, अशा अटी आहेत.

या अटींचा अर्थ बारकाईने पाहणे आवश्यक आहे. येथे रक्ततपासणी नाही, क्ष-किरण चित्र नाही. निदानाचा आधार म्हणजे दीर्घकाळ मुलाला पाहणाऱ्या माणसांचे निरीक्षण आणि त्या निरीक्षणावर तज्ज्ञाने केलेला विचार. शिवाय हीच लक्षणे इतर कारणांनीही दिसू शकतात. कमी ऐकू येणे, दृष्टिदोष, क्षणिक भान हरपणारी अपस्मार-विकृती, लोहाची कमतरता, अपुरी झोप, घरातील ताण यांचा विचार प्रथम करावा लागतो. विदर्भाच्या संदर्भात आणखी एका कारणाची भर घालावी लागेल. हा प्रदेश सिकलसेल आजाराच्या पट्ट्यात मोडतो आणि या आजारात बाह्य लक्षणांवाचून मेंदूच्या सूक्ष्म भागांचा रक्तपुरवठा खंडित होऊन अवधानावर परिणाम होऊ शकतो. तेव्हा 'मूल लक्ष देत नाही' या तक्रारीमागे काय आहे हे शोधण्यासाठी वैद्यकीय तपासणीला पर्याय नाही.

निदान निरीक्षणावर अवलंबून असल्याने साधन बदलले की आकडाही बदलतो. पोलान्झिक व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये केलेल्या जागतिक आढाव्यात एडीएचडीचे प्रमाण ५.२९ टक्के आढळले. निरनिराळ्या अभ्यासांतील तफावत मुख्यतः अभ्यासपद्धतीतील भेदांमुळे असल्याचे त्यांनी दाखवून दिले. कोइम्बतूर येथील ७७० प्राथमिक शाळकरी मुलांच्या २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे प्रमाण ११.३२ टक्के होते. उत्तर गोव्यासह देशातील पाच ठिकाणी झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इन्क्लेन संस्थेच्या अभ्यासात २ ते ९ वर्षे वयोगटातील जवळपास ८ मुलांपैकी एकात कोणती ना कोणती मेंदूविकासविषयक विकृती आढळली. या अभ्यासासाठी भारतीय परिस्थितीला अनुरूप अशी निदानसाधने स्वतंत्रपणे तयार करण्यात आली होती, ही बाब येथे महत्त्वाची आहे.

डिजिटल साधने : दावे आणि पुरावे

अवधान मोजण्याच्या सलग-कार्य चाचणीची कल्पना रोझवोल्ड व सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये मांडली. ठरावीक चिन्ह दिसताच कळ दाबावयाची आणि अन्य चिन्हांना प्रतिसाद द्यावयाचा नाही, असे तिचे स्वरूप आहे. याच तत्त्वावरील 'क्यूबीटेस्ट' या संगणकीय चाचणीत मुलाच्या डोक्यावरील पट्टीवर बसविलेल्या परावर्तक खुणेच्या आधारे कॅमेरा त्याची हालचालही मोजतो. चाचणीला १५ ते २० मिनिटे लागतात. इंग्लंडमध्ये झालेल्या 'अॅक्वा' या चाचणी-अभ्यासाचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या डॉक्टरांना या चाचणीचा अहवाल तत्काळ उपलब्ध झाला, ते निदानाच्या निर्णयाप्रत लवकर पोहोचले, तपासणीचा वेळ वाचला आणि निदानाच्या अचूकतेत घट झाली नाही. एडीएचडी नाही, असा निर्णय देणेही त्यांना सुकर झाले. या पुराव्याच्या आधारे ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०२४ मध्ये ६ ते १७ वर्षे वयोगटासाठी या चाचणीची शिफारस केली. ती करताना चाचणी तज्ज्ञाच्या तपासणीच्या जोडीने वापरावी, असे स्पष्ट केले. प्रौढांच्या निदानासाठी आणि औषधाचा परिणाम पाहण्यासाठी मात्र अधिक संशोधन आवश्यक मानले.

हा पुरावा भक्कम आहे. परंतु तो कशाचा पुरावा आहे हे लक्षात घ्यावयास हवे. 'अॅक्वा' अभ्यासातील मूल अगोदरच तज्ज्ञाच्या दारात पोहोचलेले होते. शिक्षकाने शंका घेतली, पालकांनी ती मान्य केली, चिठ्ठी मिळाली, इतका प्रवास झाल्यानंतर जी प्रतीक्षा उरते तिचा काळ या चाचणीने कमी केला. रांगेच्या शेवटच्या टोकाला वेग देणारे साधन रांगेतच न आलेल्या मुलापर्यंत पोहोचत नाही.

उपचारात्मक खेळांच्या बाबतीत चित्र अधिक सावध करणारे आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जून २०२० मध्ये 'एन्डेव्हरआरएक्स' या खेळाला ८ ते १२ वर्षे वयोगटासाठी परवानगी दिली. ३४८ मुलांवरील अभ्यासात दररोज सुमारे २५ मिनिटे, आठवड्यातून ५ दिवस, ४ आठवडे खेळल्यानंतर संगणकीय अवधान-चाचणीतील गुण सुधारले. मात्र पालकांनी नोंदविलेल्या लक्षणांमध्ये तुलनेसाठी दिलेल्या खेळाच्या गटापेक्षा अधिक सुधारणा आढळली नाही. संगणकावर मोजलेले अवधान संगणकावर सुधारते, पण त्यामुळे गृहपाठ पूर्ण होतोच असे नाही. या खेळाच्या निर्मात्या कंपनीने २०२३ मध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आधारित व्यवसायपद्धती सोडून दिली. मेंदूलहरींच्या आलेखावर आधारित एका निदान-साहाय्यक उपकरणालाही २०१३ मध्ये तेथे परवानगी मिळाली होती; पण अमेरिकन मज्जाविकार अकादमीने २०१६ मध्ये त्याच्या नित्य वापराविषयी प्रतिकूल मत दिले. परवानगी मिळणे आणि उपयोग सिद्ध होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे यावरून दिसून येते.

समाजमाध्यमांची भूमिकाही दुर्लक्षिण्यासारखी नाही. टिकटॉकवरील एडीएचडीविषयक सर्वाधिक पाहिल्या गेलेल्या १०० चित्रफितींच्या २०२२ मधील कॅनेडियन अभ्यासात ५२ टक्के चित्रफिती दिशाभूल करणाऱ्या आढळल्या. टिकटॉकवर भारतात २०२० पासून बंदी असली तरी अशा आशयाचे स्वरूप अन्य माध्यमांवर वेगळे असेल असे मानण्यास आधार नाही. जाणीव वाढते आहे. परंतु जाणिवेबरोबर चुकीचे आत्मनिदानही वाढू शकते.

जाम परिसर : साखळी कोठे तुटते?

ग्रामीण महाराष्ट्रातील मुलापर्यंत पोहोचणारी सर्वांत व्यापक यंत्रणा म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम होय. त्याचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रातील पालघर येथून झाला. या कार्यक्रमात तपासावयाच्या ३० स्थितींच्या यादीत एडीएचडीचा स्पष्ट समावेश आहे. फिरते वैद्यकीय पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शासकीय व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा जाते. संशयित मुलास जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवावे, अशी रचना आहे. विनाअनुदानित खासगी शाळा या रचनेबाहेर राहतात.

कागदावर ही साखळी पूर्ण दिसते. तथापि तिच्यात एक अंगभूत विसंगती आहे. जी विकृती ओळखण्यासाठी ६ महिन्यांचे आणि दोन ठिकाणांचे निरीक्षण लागते, ती वर्षातून एक दिवस येणाऱ्या पथकाने ओळखावी, अशी ही अपेक्षा आहे. अनोळखी डॉक्टरांसमोर, तपासणीच्या नव्या वातावरणात चंचल मूलही काही काळ शांत बसू शकते. हृदयाचा दोष किंवा दातांची कीड त्या दिवशी दिसते, अवधानाची न्यूनता दिसेलच असे नाही. त्यामुळे या संदर्भातील खरे 'साधन' शाळेतील शिक्षकच ठरतात. मुलाला ते वर्षातील दोनशेहून अधिक दिवस पाहतात. परंतु त्यांचे हे निरीक्षण पथकाच्या हाती ठरलेल्या स्वरूपात पडण्याची सोय या रचनेच्या केंद्रस्थानी नाही.

शिक्षकांसाठी डिजिटल साधन मुळीच नाही, असे नव्हे. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने २०२२ मध्ये 'प्रशस्त' ही शाळांसाठीची पडताळणी-सूची आणि तिचे मोबाइल अॅप उपलब्ध करून दिले. पहिला भाग वर्गशिक्षकाने आणि दुसरा विशेष शिक्षकाने भरावयाचा, ही तिची रचना योग्यच आहे. मात्र तिची मांडणी दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ दिव्यांगत्वांवर आधारलेली आहे. या २१ मध्ये स्वमग्नता आहे, विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे; एडीएचडी नाही. आरोग्य विभागाच्या यादीत असलेली स्थिती अशा रीतीने शिक्षण विभागाच्या साधनाचा आधार असलेल्या यादीत स्वतंत्रपणे येत नाही. कायद्यातील उणीव अॅपमध्ये उतरली की ती तांत्रिक वस्तुस्थितीसारखी भासू लागते, हा डिजिटलीकरणाचा एक दुर्लक्षित परिणाम आहे. अध्ययन अक्षमता सोबत असल्यास मुलाला प्रमाणपत्र व परीक्षेतील सवलती यांचा मार्ग खुला होतो. केवळ एडीएचडी असलेल्या मुलासाठी या अधिनियमाच्या यादीत स्वतंत्र आधार नाही.

प्रश्नावलीची भाषा आणि वर्गाचे वास्तव

मोबाइलवरील बहुतेक एडीएचडी प्रश्नावल्या निदानपुस्तिकेतील १८ लक्षणांचेच रूपांतर असतात. यातील काही लक्षणांची कसोटी जामसारख्या परिसरात लावून पाहता अनुवादाच्या मर्यादा स्पष्ट होतात. वर्गात जागा सोडून उठणे हे एक लक्षण आहे. प्रत्येकाला स्वतंत्र बाक असलेल्या वर्गात 'जागा' म्हणजे काय हे निश्चित असते. तट्टीवर खेटून बसलेल्या आणि एकच शिक्षक दोन इयत्ता सांभाळत असलेल्या वर्गात जागा सोडण्याचा अर्थ वेगळा होतो. वस्तू हरवणे हे दुसरे लक्षण. ज्या मुलाकडे एक पेन्सिल आहे आणि ज्याच्याकडे भरलेला कंपास आहे, त्या दोघांचे 'वारंवार हरवणे' एका मापाने मोजता येत नाही. यंत्र बसविल्यासारखे सतत हालचालीत असणे या अर्थाच्या लक्षणाचा शब्दशः अनुवाद केल्यास शेतकरी कुटुंबातील पालक त्याला कौतुक समजण्याचाही संभव आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत घरी काम करून शाळेत आलेले मूल पेंगत असेल, तर तीही अवधान-न्यूनता म्हणून नोंदली जाऊ शकते.

छापील प्रश्नावलीतही हे दोष असतात. तथापि तेथे उत्तर घेणारा माणूस समोर असतो. 'म्हणजे नेमके काय करतो?' असा प्रतिप्रश्न तो करू शकतो. अॅपमध्ये पाच पर्यायांपैकी एकावर बोट टेकविले की गुण तयार होतो आणि गुणाला निकालाचे रूप येते. म्हणून मराठी, आणि त्यातही वऱ्हाडी बोलीच्या परिसरातील पालकांसाठी प्रश्नावली वापरावयाची तर अनुवादापुरते थांबून चालणार नाही. उदाहरणे स्थानिक जीवनातील हवीत. गुणांची तुलना ज्या मुलांशी होते तो तुलनागट त्याच प्रकारच्या शाळांतील हवा. संगणकीय चाचणीलाही हेच लागू आहे. संगणकाची कळ पहिल्यांदाच दाबणाऱ्या मुलाचा प्रतिसाद-काळ हा अवधानाइतकाच सवयीचाही निदर्शक असतो.

या दृष्टीने गोव्यात १९९६ मध्ये स्थापन झालेल्या 'संगाथ' या संस्थेचा प्रयत्न उल्लेखनीय आहे. तिने विकसित केलेले 'डीप' हे टॅब्लेटवरील खेळांचे साधन तज्ज्ञ नसलेल्या कार्यकर्त्यांनी ग्रामीण हरयाणातील ३ वर्षांच्या मुलांच्या घरी नेऊन वापरले. हे साधन बोधात्मक विकासाच्या मापनासाठी आहे, एडीएचडीच्या निदानासाठी नव्हे. परंतु ज्या मुलांसाठी साधन आहे त्यांच्याच घरात ते तयार व्हावे आणि तपासले जावे, ही त्यातील पद्धती अनुकरणीय आहे.

दूरवैद्यक आणि औषधाचा प्रश्न

दूरवैद्यकामुळे ग्रामीण रुग्णाचा प्रवास वाचतो, हे सर्वसाधारणपणे खरे आहे. 'ई-संजीवनी' सेवेत २०१९ पासून आरोग्य केंद्रातील कर्मचारी वा डॉक्टर आणि दूरच्या तज्ज्ञाची गाठ घालून देण्याची व्यवस्था आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक मराठी भाषकांनाही उपलब्ध आहे. परंतु एडीएचडीच्या बाबतीत एक विशेष अडचण आहे व तिची चर्चा क्वचितच होते.

या विकृतीवरील प्रमुख औषध मिथाइलफेनिडेट हे औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या 'एक्स' अनुसूचीत आहे आणि गुंगीकारक औषधे व मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ खालीही नियंत्रित आहे. २५ मार्च २०२० च्या दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांनुसार 'एक्स' अनुसूचीतील औषधे दूरसंवादातून लिहून देता येत नाहीत. म्हणजेच दूरसंवादातून मुलाचा इतिहास घेता येईल, पालकांना समुपदेशन करता येईल. मात्र या औषधाच्या चिठ्ठीसाठी जामच्या पालकास सेवाग्राम, सावंगी किंवा नागपूर गाठावेच लागेल. ही चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि तशी परवानगी असलेल्या औषध दुकानातूनच औषध मिळते. रोजमजुरीवर जगणाऱ्या कुटुंबासाठी अशी प्रत्येक फेरी म्हणजे एका दिवसाची बुडालेली मजुरी असते. उपचार सुरू होऊन मध्येच थांबण्याचा धोका येथे निर्माण होतो.

हे निर्बंध निराधार नाहीत. अमेरिकेत एका दूरवैद्यक कंपनीच्या प्रमुखांवर उत्तेजक औषधांच्या गैरवाटपाबद्दल २०२४ मध्ये फौजदारी कारवाई झाली, त्यावरून निर्बंधांमागील भीती खरी असल्याचे दिसते. तथापि पहिल्या तपासणीची चिठ्ठी आणि स्थिरावलेल्या रुग्णाची पुढील चिठ्ठी यांत भेद करता येणे शक्य आहे. प्रत्यक्ष तपासणीनंतर औषध सुरू झालेल्या मुलाची उंची, वजन, रक्तदाब व नाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात मोजून तज्ज्ञाकडे पाठविता येईल आणि शासकीय डॉक्टरांच्या उपस्थितीत पुढील चिठ्ठी देता येईल, अशा मर्यादित सवलतीचा विचार व्हावयास हवा. तोवर 'एक्स' अनुसूचीत नसलेले अॅटोमॉक्सेटिन आणि पालक-प्रशिक्षण यांना ग्रामीण भागात अधिक महत्त्व राहील. लहान वयाच्या मुलांत तर पालक-प्रशिक्षण हाच पहिला उपचार मानला जातो.

माहितीची मालकी

मुलाच्या वर्तनाची नोंद ही त्याच्या भवितव्याशी निगडित माहिती आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार १८ वर्षांखालील मुलाची माहिती हाताळण्यासाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती लागते आणि मुलांच्या वर्तनाच्या पाळतीवर निर्बंध आहेत. आरोग्यसेवेला काही सूट देणारे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून ते टप्प्याटप्प्याने लागू करण्याची तरतूद आहे. परंतु अंगठा उठवून किंवा न वाचता 'मान्य' या शब्दावर बोट टेकवून दिलेली संमती कायद्याचे शब्द पाळते, हेतू पाळत नाही. शाळेच्या व्हॉट्सअॅप गटावर मुलाचा गुणांकन-अहवाल फिरला तर 'वांड' या जुन्या शिक्क्याच्या जागी इंग्रजी आद्याक्षरांचा नवा शिक्का बसेल, एवढाच फरक पडेल.

तंत्रज्ञानाची उचित जागा

वरील विवेचनावरून तंत्रज्ञान निरुपयोगी आहे असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. त्याची जागा बदलावी लागेल, एवढेच त्यातून निष्पन्न होते. मूल, शिक्षक, पालक, बाल स्वास्थ्य पथक, जिल्हा केंद्र व तज्ज्ञ या सहा दुव्यांमध्ये आज माहिती तोंडी किंवा सुट्या कागदावर फिरते आणि बहुधा पहिल्या-दुसऱ्या दुव्यापाशीच विरते. शिक्षकाने महिन्यातून एकदा, मराठीत, स्थानिक उदाहरणांसह केलेली संक्षिप्त नोंद सहा महिने साठावी. पथक शाळेत येण्यापूर्वी ती त्याच्या हाती असावी. श्रवण, दृष्टी, हिमोग्लोबिन व सिकलसेल तपासणीचे निष्कर्ष तिला जोडले जावेत. आणि जिल्हा केंद्रात गेलेले मूल परत आले किंवा नाही, याची आठवण यंत्रणेने द्यावी. ही कामे तांत्रिकदृष्ट्या साधी आहेत. त्यांत कृत्रिम बुद्धिमत्ता नाही आणि बाजारपेठही फारशी नाही; त्यामुळेच कदाचित त्यांच्याकडे लक्ष कमी जाते. पालक-प्रशिक्षणाचे पाठ ध्वनिरूपात उपलब्ध झाल्यास अल्पशिक्षित पालकांनाही ते घरी ऐकता येतील.

मात्र यासाठी शिक्षकांवरील ऑनलाइन माहिती भरण्याचा भार विचारात घ्यावा लागेल. आणखी एक अॅप असे तिचे स्वरूप झाल्यास नोंद भरली जाईल, निरीक्षण होणार नाही. जुन्या नोंदींपैकी कोणती रद्द करावयाची, हा निर्णय नव्या नोंदीबरोबरच झाला पाहिजे. अध्यापक विद्यालये व महाविद्यालयांतील मानसशास्त्र विभागांनी स्थानिक तुलनागट तयार करण्याचे आणि प्रश्नावलीची भाषा तपासण्याचे काम हाती घेतल्यास ती या क्षेत्रातील मोलाची भर ठरेल.

निष्कर्ष :

१. संगणकीय अवधान-चाचण्यांमुळे तज्ज्ञापर्यंत पोहोचलेल्या मुलाच्या निदानाला गती मिळते. तज्ज्ञापर्यंत न पोहोचलेल्या मुलाचा प्रश्न त्यांनी सुटत नाही.

२. उपचारात्मक खेळांचा परिणाम दैनंदिन जीवनात पुरेसा सिद्ध झालेला नाही; शाळांनी वा पालकांनी त्यांवर खर्च करण्यास सबळ आधार नाही.

३. बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत असलेली एडीएचडी २०१६ च्या अधिनियमाच्या यादीत नाही. ही विसंगती दूर झाल्याशिवाय शालेय डिजिटल साधनांत या मुलांना स्थान मिळणे कठीण आहे.

४. मिथाइलफेनिडेटवरील निर्बंधांमुळे दूरवैद्यकाचा लाभ अपुरा राहतो. स्थिरावलेल्या रुग्णांसाठी नियंत्रित सवलतीचा विचार आवश्यक आहे.

५. ग्रामीण परिसरात डिजिटल तंत्रज्ञानाचे पहिले काम शिक्षक व पालकांचे निरीक्षण जतन करून ते योग्य वेळी तज्ज्ञापर्यंत पोहोचविणे हे असावे. निदानाचा निर्णय आणि त्याची जबाबदारी माणसाकडेच राहावी.

जाम चौरस्त्यावरून सेवाग्राम, सावंगी वा नागपूरकडे जाण्याची सोय आहे. वर्गात उठबस करणारा मुलगा आणि शांतपणे खिडकीबाहेर पाहणारी मुलगी यांना त्या वाटेवर आणण्यासाठी प्रथम कोणी तरी त्यांच्याकडे काही महिने सातत्याने पाहिले पाहिजे आणि ते पाहिलेले वाया जाऊ नये. तंत्रज्ञानाच्या यशाचे मोजमाप या कसोटीवर होणे इष्ट आहे.